पोरीचं नाव ठेवताना

(वसई तालुक्यात डोंगराच्या कडेला असलेल्या एका पाड्यावर वनहक्क दाव्यांची बैठक आणि एका पोरीचं बारसं एकाच दिवशी आलं. त्या वेळी तरुण कार्यकर्त्यांच्या वतीनं केलेलं हे भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांनी आपल्या पाड्यावर कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्यावं.)

आयांनो, बायांनो, बाबांनो, आणि मागं झाडाखाली उभे राहिलेल्या पोरापोरींनो, पुढं येऊन बसा. आज बैठक आहे आणि बारसंही आहे. दोन्हीला एकच चटई आणि एकच चहा. काही जण म्हणाले, बारशात जमिनीचं काय काढता? आम्ही म्हटलं, दहा मिनिटं द्या, मग सांगतो. ही दोन कामं आम्हाला वेगळी वाटत नाहीत. दोन्हीकडं एकच प्रश्न आहे, की कुणाचं नाव लिहायचं आणि ते कुणी ठरवायचं.

पोरगी शुक्रवारी झाली. आज सोळा दिवस झाले. दवाखान्यातून जो कागद मिळाला त्यावर तिच्या आईचं नाव आहे आणि 'हिची मुलगी' एवढंच लिहिलंय. पोरीच्या नावाची जागा कोरी आहे. या कोऱ्या जागेवरून आठ दिवस घरात भांडण चाललंय. भांडण गोड आहे, पण आहे.

आमच्या भावानं मोबाईलवर नावं काढली. दोन अक्षरी, बोलायला सोपी, सिरियलमधल्या पोरींसारखी. काका विरारला बांधकामावर जातो, त्यानं मुकादमाच्या नातीचं नाव सुचवलं. सुईण आजी म्हणाली, एवढा विचार कशाला, शुक्रवारी झाली तर शुकरी म्हणा, आपल्यात असंच चालत आलंय. आणि आम्ही शिकलेली पोरंपोरी म्हणालो, नाही, पोरीला एखाद्या झुंजार बाईचं नाव द्यायचं. मग प्रत्येकानं आपापली राणी आणली. कुणी जिजाऊ म्हटलं, कुणी सावित्री, कुणी झाशीची राणी. नावं सगळी चांगलीच आहेत. सावित्रीबाई फुल्यांनी शाळा काढल्या नसत्या तर आमच्यातल्या पोरी बारावी झाल्या नसत्या, हे आम्ही विसरत नाही. पण या सगळ्या गडबडीत एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. ती शेवटी सांगतो.

आधी आपली जुनी पद्धत बघू. आपल्या म्हाताऱ्या माणसांची नावं आठवा. सोमा, मंगळ्या, बुध्या, शुकऱ्या. बायकांत सोमी, मंगळी, बुधी, शुकरी. ज्या वारी जन्म त्या वाराचं नाव. दिवाळीत झाली तर दिवाळी. शेवटची झाली तर धाकली, बारकी. शहरातली माणसं ही नावं ऐकून हसतात. त्यांना वाटतं, या लोकांना नाव ठेवायचं पण सुचत नाही. अहो, आपल्याकडं पंचांग नव्हतं, जन्माचा दाखला नव्हता. नाव हाच दाखला होता. बुधी म्हटलं की ही बुधवारी झाली एवढं साऱ्या पाड्याला कळायचं. नाव फुकट मिळायचं आणि कुणाच्या बापाकडं मागायला जावं लागत नव्हतं.

अडचण झाली ती नाव कागदावर चढायला लागल्यावर. सावकाराच्या चोपडीत आपल्या पुरुषांची नावं चढली. लग्नासाठी शे-दोनशे रुपये काढले की माणूस लग्नगडी व्हायचा, आणि त्याच्याबरोबर त्याची बायको पण राबायची. पण चोपडीत नाव फक्त त्याचं. बाईचं काम मोजलं, बाईचं नाव लिहिलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढं आपण सुद्धा तेच केलं.

आता ज्या बाईचं नाव या जिल्ह्यात घेतल्याशिवाय सभा होत नाही, तिच्याबद्दल थोडं. गोदावरी परुळेकर. जन्म १९०७, पुण्यातला. घर ब्राह्मणाचं, खात्यापित्या माणसांचं. त्या काळात त्या वकिली शिकल्या. त्यांनी घरात बसून राज्य केलं असतं तरी कुणी काही बोललं नसतं. पण १९४५ साली त्या आपल्या वारल्यांच्या पाड्यांत आल्या. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, २३ मे ला तलासरीकडच्या झरी गावात वारल्यांची मोठी सभा झाली. तिथं ठरलं, वेठ करायची नाही, मजुरीशिवाय काम करायचं नाही. आज हे साधं वाटतं. तेव्हा हे बोलणं म्हणजे पाठीवर चाबूक ओढून घेणं होतं.

लोकांनी बाईंचं नाव आपल्या तोंडात बसेल असं करून घेतलं. गोदावरीची गोदाराणी झाली. त्या नावात केवढी ताकद आली बघा. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला लोक जमले. सभा आहे, गोदाराणी येणार आहे, तिच्या जिवाला धोका आहे, असा खोटा निरोप पाड्यापाड्यांत फिरवला गेला होता. नुसतं नाव ऐकलं आणि हजारो माणसं रात्रीतून चालत आली. त्या गर्दीवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. विचार करा, जमीनदाराला सुद्धा कळलं होतं की आदिवासीला बोलवायचं तर एका बाईचं नाव घ्यावं लागतं.

बाईंनी पुढं हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं. १९७० ला पुस्तक आलं, १९७२ ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमच्यातल्या पाच-सहा जणांनी ते मिळून वाचलं. एक जण वाचायचा, बाकीचे ऐकायचे. वाचून झाल्यावर आमच्यातल्या एकीनं विचारलं, गोदाराणीला भाकर कुणी दिली? तिला रात्री लपवलं कुणी? पावसात तिच्यापुढं वाट दाखवत कोण चाललं? त्यात बायका होत्याच ना. त्यांच्यातल्या किती जणींची नावं आज आपण सांगू शकतो? आम्ही गप्प बसलो. आम्हाला पुरुषांची चार नावं आली, बाईचं एक पण आलं नाही.

तसंच दूरच्या आदिवासी बायांचं. १८५५ ला संथाळांनी इंग्रज आणि महाजनांच्या विरुद्ध मोठा उठाव केला, त्याला हूल म्हणतात. सिदो आणि कान्हू ही नावं तुम्ही ऐकली असतील, आपल्या बॅनरवर पण असतात. त्यांच्या बहिणी फुलो आणि झानो त्याच लढ्यात होत्या. बॅनरवर त्यांना जागा राहत नाही. गोंडांची राणी दुर्गावती १५६४ ला मुघलांच्या फौजेशी लढता लढता गेली. मणिपूरकडची नागा पोरगी गाइदिन्ल्यू इंग्रजांविरुद्ध उभी राहिली. १९३२ ला तिला पकडलं तेव्हा ती सतरा वर्षांच्या आसपासची होती. देश स्वतंत्र होईपर्यंत ती तुरुंगात राहिली. आपल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरींएवढी होती ती.

आणि राणीच पाहिजे असं काही नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे आपल्यासारख्याच, महादेव कोळी समाजाच्या. शाळेची पायरी चढल्या नाहीत. गावठी बी जपलं, वाटलं, वाढवलं. २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. त्यांनी तलवार धरली नाही, वालाचं आणि भाताचं बी मडक्यात धरलं. आपल्याकडच्या किती डोकऱ्या हेच करतात! वरईचं, नागलीचं बी राखेत घालून ठेवतात. त्यांना पुरस्कार नाही, निदान त्यांच्या नाती तरी त्यांचं नाव सांगतील का?

आता नाव बदलण्याची गोष्ट. आपल्या देशाच्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू, संथाळ समाजाच्या. २५ जुलै २०२२ ला त्यांनी शपथ घेतली तेव्हा आपण पाड्यात ढोल वाजवला होता. त्यांनी स्वतः एका मुलाखतीत सांगितलंय की द्रौपदी हे त्यांचं मूळ नाव नाही. घरचं नाव पुती. शाळेत दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या शिक्षकाला ते आवडलं नाही, त्यानं बदललं. त्याच मुलाखतीत त्यांनी आणखी एक सांगितलं, की संथाळांत नाव मरत नाही. मुलगी झाली तर आजीचं नाव तिला देतात, मुलगा झाला तर आजोबाचं. नाव घरातच फिरत राहतं.

हे वाचलं तेव्हा आम्ही एकमेकांकडं बघितलं. आमच्यातल्या कितीतरी जणींचं हेच झालंय. घरी एक नाव, शाळेत दुसरं. पहिलीत नाव घालताना समोरचा माणूस म्हणाला, हे काय नाव आहे, चांगलं सांगा. आपल्या बापाला वाटलं, साहेब म्हणतात तर असेल बरोबर. मग त्यानंच एखादं नाव टाकलं. आमच्या एका मैत्रिणीला दहावीच्या फॉर्मवर स्वतःचं नाव ओळखू आलं नाही. हसू नका, खरंच. तिला वाटलं दुसऱ्या कुणाचा फॉर्म आलाय.

सातारा जिल्ह्यात तर याहून वाईट. तिथं काही घरांत मुलीवर मुली झाल्या की पोरीचं नाव 'नकुशी' ठेवायचे. नकुशी म्हणजे नको असलेली. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये तिथं मोठा कार्यक्रम करून दोनशेहून जास्त मुलींना नवीन नावं दिली. त्या पोरींनी आपलं नाव आपण निवडलं. आपल्यात अशी नावं ठेवत नाहीत. आपल्यात देज मुलाकडचे देतात, लग्न लावणारी धवलेरी बाईच असते, धान्याची देवी कणसरी. म्हणून आपण फार ताठ मानेनं बोलतो की आदिवासींत बाईला मान आहे. मान आहे, खरं आहे. पण याच पोरीच्या वेळी दवाखान्याच्या दारात आपलंच एक माणूस म्हणालं, "परत पोरगीच का?" आम्ही ऐकलंय. नाव घेत नाही, ते माणूस इथं बसलंय आणि चहा पण प्यालंय.

आता पोरीच्या पणजीचं सांगतो. सगळे तिला आजीच म्हणतात. ती पुढंच बसली आहे. तिचं नाव बुधी.

आजीच्या लहानपणी वेठ सरली होती असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण १९७६ ला वेठबिगारीविरुद्ध कायदा झाल्यावर सुद्धा याच वसई तालुक्यात, मुंबईच्या लोकलचा भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर, १९८० नंतर वेठबिगार सोडवावे लागले. आजीनं ते दिवस काढलेत. नवरा लवकर गेला. दोन पोरं कडेला घेऊन तिनं डोंगराच्या उतारावर प्लॉट काढला. दगड उचलले, बांध घातले, नागली पेरली. जंगल खात्याची माणसं आली, पीक उपटलं, दंड केला. तिनं दंड भरला आणि पावती मागितली. लिहिता वाचता येत नव्हतं, तरी म्हणाली, पैसे घेतले तर कागद द्या. ती पावती तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून घराच्या कुडात खोचून ठेवली. पुढच्या वर्षी परत पेरलं, परत दंड, परत पावती.

२००६ ला वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा मागितला. तेव्हा पाड्यात सगळ्यात भारी पुरावा निघाला तो आजीच्या कुडातून. ज्या पावतीनं तिला शिक्षा केली तीच पावती तिची साक्षीदार झाली.

पण दावा अडकला. कशावर? नावावर. पावतीवर लिहिलंय 'बुदी'. रेशनकार्डावर 'बुधीबाई'. मतदार यादीत कुणा शहाण्यानं चांगलं नाव म्हणून 'बुधवंती' केलंय. वरून विचारणा आली, या तीन बायका कोण? आजी म्हणाली, तिघी पण मीच, तिघींचं पोट मात्र एक! त्यात दावा भरताना आपल्याच माणसांनी आणखी एक घोटाळा केला. अर्जदार म्हणून मुलाचं नाव टाकलं, कारण बाईच्या नावानं जमीन कशाला. मुलाच्या नावाची एक पण पावती नाही. जिची पावती तिचं नाव अर्जात नाही, आणि ज्याचं नाव अर्जात त्याची पावती नाही. सावकाराच्या चोपडीचं आम्ही मघाशी म्हटलं ना, ते हेच. तेव्हा सावकारानं बाईचं नाव लिहिलं नाही, आता आपण लिहिलं नाही.

कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. कलम ४, पोटकलम ४. लग्न झालेलं असेल तर जमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावानं नोंदवायचा. घर एकच माणूस चालवत असेल, म्हणजे विधवा किंवा एकटी बाई, तर त्या एकटीच्या नावानं. ही जमीन वारसांना मिळते, विकता येत नाही. वनहक्क समितीत निदान एक तृतीयांश बायका पाहिजेत. वनहक्काच्या ग्रामसभेला जेवढी माणसं हजर लागतात त्यात सुद्धा एक तृतीयांश बायका लागतात. म्हणजे बायका भाकरी थापायला घरी बसल्या तर ठराव कच्चा राहतो. कुणी मेहेरबानी म्हणून बायकांना बोलवू नका, त्यांच्याशिवाय सभाच पूर्ण होत नाही.

आजीच्या दाव्याचं आपण काय केलं ते पण सांगतो, दुसऱ्यांना उपयोग होईल. तिन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र केलं. शेजारच्या पाड्यातल्या दोन म्हाताऱ्या माणसांचा जबाब लिहून घेतला. गावातल्या वयस्क माणसाचा लेखी जबाब हा नियमात बसणारा पुरावा आहे, फक्त तो माणूस स्वतः त्या दाव्यातला नको. मग ग्रामसभेनं दुरुस्तीचा ठराव केला, अर्जदार म्हणून आजीचं नाव घातलं, आणि सगळ्या कागदांच्या पोचपावत्या घेतल्या. दावा अजून वरच्या समितीकडं आहे. निकाल लागला नाही, म्हणून आम्ही जिंकलो असं म्हणत नाही. पण आता 'ही बाई कोण' असं कुणी विचारू शकणार नाही.

जमीन पुढं कुणाच्या नावावर आहे हे आज जास्तच महत्त्वाचं झालंय. आपल्या तालुक्यातून बुलेट ट्रेन चाललीय, बडोद्याचा महामार्ग चाललाय. विरारच्या बिल्डिंगा डोंगराकडं सरकत आल्यात. मोबदल्याची यादी येते तेव्हा त्यात कागदावरचं नाव येतं. घाम कुणाचा गाळलाय हे यादीत येत नाही.

म्हणून पोरीच्या नावाचं आम्ही एवढं लावून धरलं. काल रात्री परत सगळे बसलो. आमच्यातल्या एकीनं सुचवलं, पोरीचं नाव बुधी ठेवू, आजीचं. तर काय, घरात दोन पार्ट्या पडल्या.

सुईण आजी म्हणाली, शुक्रवारच्या पोरीला बुधी कसं म्हणायचं, वार चुकतो. भाऊ म्हणाला, विरारच्या शाळेत घालायची आहे, पोरं चिडवतील, बुद्धू म्हणतील. भावाचं बोलणं आम्ही उडवून लावत नाही. त्याला नाक्यावर मजुरीला उभं असताना नावावरून जात ओळखून काय काय ऐकावं लागलंय ते आम्हाला माहीत आहे. आपल्या पोरीनं ते ऐकू नये असं बापाला वाटलं तर त्यात चूक नाही. आणि सगळ्यात जोरात नाही म्हणाली ती आजी. म्हणाली, "जित्या माणसाचं नाव ठेवता का रे? आणि या नावानं माझं काय भलं झालं? कागद पण पुढं सरकला नाही. पोरीला असं नाव द्या की बघून दार उघडेल."

हे ऐकून आम्ही गप्प झालो. आम्ही भाषणं करणारी माणसं, पण आजीच्या या वाक्याला आमच्याकडं उत्तर नव्हतं. चुलीजवळ वहिनी पोरीला पाजत बसली होती. तेव्हा आमच्या ध्यानात आलं, सुरुवातीला म्हटलं ना शेवटी सांगतो, ते हेच. आठ दिवस सगळ्यांनी नावं सुचवली. बापानं, काकानं, सुईणीनं, आम्ही संघटनेच्या पोरांनी. झुंजार बायांची नावं आम्ही मोजून दाखवली. पण जिच्या पोटातून पोर आली त्या बाईला कुणी विचारलंच नाही. आम्ही सुद्धा नाही.

आमच्यातल्या एकीनं विचारलं, वहिनी, तुला काय वाटतं?

वहिनीनं लगेच सांगितलं, म्हणजे तिचं आधीच ठरलेलं होतं. म्हणाली, "नाव आजीचंच. नावानं कागद अडकला नाही, लिहिणाऱ्यानं अडकवला. आपण नीट लिहू. वार चुकला तर चुकू दे, वार दर आठवड्याला येतो, आजी एकदाच आली. आणि शाळेत कुणी हसलं तर पोरगी सांगेल हे कुणाचं नाव आहे ते. तिला सांगायला काहीतरी पाहिजे ना. दुसरं नाव ठेवलं तर ती काय सांगेल, मोबाईलमधून काढलं?"

भाऊ हसला. मग म्हणाला, ठीक आहे, पण मी तिला गोदा पण म्हणणार. वहिनी म्हणाली, घरात काय म्हणायचं ते म्हण, कागदावर एकच. आजी काही बोलली नाही. थोड्या वेळानं उठली आणि पोरीला आपल्याकडं घेतलं.

तर वहिनीला विचारून हे आज आम्ही सभेत सांगत आहोत. पोरीचं नाव बुधी. 'बुधीबाई' नाही, 'बुधवंती' नाही. बुधी.

आम्ही असं म्हणत नाही की सगळ्यांनी हेच करा. कुणाला पोरीचं नाव दुर्गावती ठेवायचं तर ठेवा, फुलो ठेवा, झानो ठेवा, सावित्री ठेवा, राही ठेवा. सिरियलमधलं ठेवलं तरी आम्ही बारशाला येऊ आणि जेवून जाऊ. फक्त ज्या बाईचं नाव ठेवाल तिची गोष्ट पोरीला सांगा. गोष्ट सांगितली नाही तर राणीचं नाव पण नुसता आवाज. आणि नाव ठरवताना आईला पहिल्यांदा विचारा. आमच्यासारखं शेवटी नको.

आता कामाच्या गोष्टी. आशाताई आणि वनहक्क समितीनं या सगळ्या घरांत सांगाव्यात.

एक. पोर झाल्यावर जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची. दवाखान्यात झाली तर दवाखाना करतो, पण झाली का ते आपण जाऊन बघायचं. घरी झाली तर ग्रामपंचायतीत, आणि पाडा महापालिकेच्या हद्दीत असेल तर महापालिकेच्या ऑफिसात आपण करायची. नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका. नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं. नंतर पण येतं, पंधरा वर्षांपर्यंत, पण पैसे आणि हेलपाटे पडतात. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या पोरांना शाळेपासून आधारपर्यंत हाच दाखला लागणार आहे.

दोन. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदावर कसं लिहायचं ते ठरलंय. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. आईचं नाव आता मध्येच गळणार नाही. कुणी जुन्या पद्धतीनं लिहायला लागला तर तिथंच थांबवा, शांतपणे सांगा आणि दुरुस्त करून घ्या. म्हणजे आपल्या बुधीच्या नावामागं पहिलं नाव वहिनीचं येणार.

तीन. नाव एकाच तऱ्हेनं लिहायचं. ऱ्हस्व-दीर्घ, मराठी-इंग्रजी, सगळं ठरवून एका कागदावर लिहा आणि तो कागद घरात ठेवा. दाखला, अंगणवाडी, शाळा, जातीचा दाखला, आधार, सगळीकडं तोच कागद बघून लिहून घ्या. सही करण्याआधी वाचा, वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्या. समोरचा घाई करील, आपण करायची नाही.

चार. ज्या घरांचे वनहक्काचे दावे फक्त पुरुषाच्या नावानं भरलेत त्यांनी आज बैठकीनंतर थांबायचं. समिती यादी करणार आहे. बायकोचं नाव जोडायचा अर्ज आणि ग्रामसभेचा ठराव आपण एकत्रच करू. जिच्या नावाचे दोन-तीन प्रकार कागदावर आहेत तिनं सगळे कागद घेऊन यावं, फाटके असले तरी. कुडात खोचलेल्या पिशव्या आज बाहेर काढा.

पाच. प्रत्येक पाड्यात एक वही करायची. त्यात म्हाताऱ्या बायकांची नावं लिहायची, खरी नावं, घरात हाक मारतात ती. कुणी कुठला प्लॉट काढला, कुणाला दंड झाला, कोण जेलात गेली, कोण मोर्चात चालली. मार्च २०१८ ला नाशिकहून मुंबईला लाँग मार्च गेला तेव्हा फोड आलेल्या पायांचे फोटो साऱ्या देशानं बघितले. पाय बघितले, नावं कुणी विचारली नाहीत. निदान आपल्या पायांची नावं आपण लिहू. ही वही बारावी झालेल्या पोरींनी लिहायची. शाळेत शिकलेलं अक्षर कुठंतरी आपल्या कामी येऊ द्या.

आता आम्ही बसतो. सुईण आजी पोरीच्या कानात नाव सांगणार आहे. वार चुकला म्हणून ती अजून थोडी रागावली आहे, पण सांगणार आहे. त्याच्या आधी ग्रामसभेच्या वहीत आजीचा अंगठा घ्यायचा आहे, दुरुस्तीच्या कागदावर. शाईची डबी आणली आहे. वहीच्या त्याच पानावर खाली आजच्या तारखेनं पोरीचं नाव पण लिहू. वर बुधी, खाली बुधी. पुढं कुणी विचारलं, या दोन बायका कोण, तर सांगायचं, एक जमीन कसणारी आणि एक कसणार.

जोहार! आदिवासी एकजूट जिंदाबाद!